प्रमाण कोणते मानावे? प्रतिमानाधिष्ठित प्रणाली-अभियांत्रिकीच्या स्वीकाराचा इतिहास

विमान, अवकाशयान, युद्धनौका यांसारखी प्रचंड यंत्रे एका माणसाच्या बुद्धीत मावत नाहीत. ती हजारो माणसे मिळून घडवितात आणि ही माणसे बहुधा परस्परांना ओळखतही नाहीत. अशा वेळी सर्वांनी प्रमाण मानावे असे यंत्राचे कोणते तरी लिखित रूप असणे अपरिहार्य ठरते. हे प्रमाणरूप कधी आरेखन होते, कधी वाक्यांनी भरलेले दस्तऐवज होते. गेल्या तीन दशकांत त्याची जागा संगणकातील प्रतिमानाने घ्यावी असा प्रयत्न चालू आहे. या प्रयत्नास प्रतिमानाधिष्ठित प्रणाली-अभियांत्रिकी असे म्हणतात. त्याचा इतिहास सामान्यतः यंत्रशास्त्राच्या अंगाने सांगितला जातो. वस्तुतः तो एका नव्या लेखनभाषेच्या स्वीकाराचा इतिहासही आहे, आणि भाषेच्या स्वीकाराबरोबर जे तंटे येतात ते सर्व त्यात आलेले आहेत.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत ‘मॉडेल’ हा शब्द रूढ आहे; परंतु तो दोन निराळ्या वस्तूंना लावला जातो. मूळ वस्तूसारखी दिसणारी लहान वा पूर्णाकृती नक्कल ही एक, आणि वस्तूच्या घटकांचे परस्परसंबंध ठरीव चिन्हांनी मांडणारी रचना ही दुसरी. पहिलीस ‘प्रतिकृती’ व दुसरीस ‘प्रतिमान’ म्हटले असता घोटाळा टळतो. प्रतिकृती डोळ्यांनी पाहावयाची असते, तर प्रतिमान वाचावयाचे असते. जे वाचावयाचे असते ते वाचावयास शिकावे लागते, ही साधी गोष्ट पुढील इतिहासात वारंवार विसरली गेली आहे.

चिन्हांची अशी भाषा संस्थेने जाणीवपूर्वक स्वीकारल्याचे एक जुने उदाहरण फ्रान्समधील आहे. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात गास्पार मोंज याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तटबंदीच्या बांधणीचा प्रश्न सोडविताना त्रिमितीय वस्तू दोन प्रतलांवरील प्रक्षेपांनी दर्शविण्याची पद्धती बसविली. ही पद्धती लष्करी गुपित म्हणून राखून ठेवण्यात आली. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली पॅरिस येथील एकोल नॉर्मालमधील व्याख्यानांत मोंजने ती उघडपणे शिकविली. आज कारखान्यातील कोणताही जोडारी जे आरेखन सहज वाचतो त्याचे व्याकरण असे वर्गात शिकवून पसरले आहे. आरेखन हे ‘चित्र’ असल्यामुळे ते कोणासही आपोआप कळते, हा समज चुकीचा आहे. अप्रशिक्षित माणसास एकाच वस्तूचे समोरून, वरून व बाजूने काढलेले तीन आकार तीन निराळ्या वस्तूंसारखे दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्षेपणास्त्रे व अवकाशयाने यांच्या बांधणीत आरेखन अपुरे पडू लागले. भागाचा आकार आरेखनात सांगता येतो. परंतु तो भाग काय करील, कोणत्या परिस्थितीत करील व शेजारच्या भागास काय देईल, हे सांगावयास वाक्येच लागतात. म्हणून आवश्यकतांचे दस्तऐवज, विनिर्देश आणि दोन भागांमधील सांध्याचे करारवजा लेख यांचा पूर लोटला. मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमातून आलेले सेनाधिकारी सॅम्युएल फिलिप्स हे १९६४ साली अपोलो कार्यक्रमाचे संचालक झाले. मंजूर झालेल्या लेखात मंडळाच्या संमतीवाचून एकही बदल करावयाचा नाही, ही वायुसेनेतील शिस्त त्यांनी नासामध्ये आणली. मनास येईल तसा सुधार करण्याची सवय असलेल्या अभियंत्यांना ती जाचक वाटली यात नवल नाही. परंतु अपोलोचे यश पुष्कळ अंशी या कागदी शिस्तीचे होते हे मान्य केले पाहिजे. दस्तऐवजांवर पुढे जी टीका झाली ती वाचताना ही गोष्ट दृष्टीआड होता कामा नये.

या दस्तऐवजांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. १९६८ साली अमेरिकी संरक्षण खात्याने विनिर्देशलेखनाविषयी मानक प्रसिद्ध केले. अशा नियमांनी इंग्रजीतील सहायक क्रियापदांना काटेकोर कामे वाटून दिली. ‘शॅल’ आले की ते बंधन, ‘शुड’ आले की ती अपेक्षा, आणि ‘विल’ आले की ते केवळ वस्तुस्थितीचे वा भावी स्थितीचे कथन, असा संकेत रूढ झाला. बोलीत या भेदांची सरमिसळ केव्हाच झाली होती. येथे मात्र एका क्रियापदावर लक्षावधी डॉलरचा करार अवलंबून राहू लागला. मराठीत ‘असलेच पाहिजे’, ‘असावे’ आणि ‘असेल’ अशी विभागणी करता येईल. परंतु आपल्या शासकीय निविदांतून ‘असावे’ हे रूप बंधन व अपेक्षा या दोन्ही अर्थी वापरले जाते, हे कोणतीही निविदा वाचली असता दिसून येईल. सारांश, नैसर्गिक भाषेस नियमांनी बांधून तिच्याकडून चिन्हभाषेचे काम करवून घेण्याचा हा प्रयत्न होता.

त्याच्या मर्यादा कोणत्या, हे १९९९ साली एका अपघाताने दाखवून दिले. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नाहीसे झाले. यानाच्या लहान इंजिनांच्या प्रत्येक प्रज्वलनाने त्यास किती आवेग मिळाला याची आकडेवारी लॉकहीड मार्टिन कंपनीची गणनप्रणाली तयार करीत असे. ती पौंड-बल-सेकंदांत होती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील मार्गनिर्देशक तीच आकडेवारी न्यूटन-सेकंद समजून वापरीत. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. यान पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे, ते सुमारे ५७ किलोमीटरवर आले. ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यातील एक तपशील क्वचितच सांगितला जातो. दोन संस्थांमधील सांध्याच्या दस्तऐवजात एकक न्यूटन-सेकंद असावे असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे लेख अचूक होता. त्याचे आणि प्रत्यक्ष गणनप्रणालीचे नाते मात्र कोणीही तपासले नाही. मार्गनिर्देशकांना शंका आली होती. परंतु ती विहित मार्गाने न नोंदविता अनौपचारिक पत्राचारात राहिली. लेख स्वतःहून काहीच तपासू शकत नाही. तो वाचला जाईल या भरवशावर सारी रचना उभी असते.

लेखाऐवजी गणिती प्रतिमान प्रमाण मानावे हा विचार या अपघातापूर्वी बराच जुना होता. ॲरिझोना विद्यापीठात १९६१ साली प्रणाली-अभियांत्रिकीचा विभाग स्थापन करणारे गणितज्ञ वेन वायमोर यांनी १९६७ साली या विषयाचा गणिती सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, आणि १९९३ साली त्यांच्या ज्या ग्रंथाने या शाखेला तिचे आजचे नाव दिले तो प्रसिद्ध झाला. वायमोर यांची मांडणी संचसिद्धान्ताच्या भाषेत आहे. ती निर्दोष असली तरी कारखान्यातील अभियंत्यास ती वाचवत नसे. याच सुमाराचा दुसरा प्रवाह अधिक लोकाभिमुख होता. डग्लस रॉस यांनी चौकटी व बाण यांची एक आलेखपद्धती प्रचारात आणली. १९७७ साली त्यांनी तिच्यावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच तिला विचार कळविण्याची भाषा असे म्हटले आहे. अमेरिकी वायुसेनेने तिचे एक रूप स्वीकारले आणि १९९३ साली ते तेथील शासकीय मानक झाले. शुद्ध व्याकरण एकाकडे आणि बोलणारे लोक दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

संघटनेच्या दृष्टीने स्वीकाराची खरी कसोटी विमानबांधणीत लागली. तेथे प्रश्न अद्याप प्रतिकृतीचाच होता. तरीही पुढे जे घडले त्याचे बीज येथेच आहे. बोइंग कंपनीने १९९० साली हाती घेतलेले ७७७ हे विमान संपूर्णपणे संगणकावर, फ्रान्समधील दासो कंपनीच्या काटिया या प्रणालीत, आरेखित केले. तोपर्यंत भाग परस्परांत नीट बसतात की नाही हे पाहण्यासाठी पूर्णाकृती प्रतिकृती बांधीत. बोइंगने संशयनिवृत्तीसाठी नाकाकडील भागाची तशी एक प्रतिकृती बांधली. संगणकातील आकार विश्वसनीय आहेत असे दिसताच पुढील प्रतिकृती रद्द केल्या. विमान १२ जून १९९४ रोजी उडाले. परंतु या यशाचे श्रेय केवळ संगणकास देणे अन्यायाचे होईल. आरेखक, उत्पादक, देखभाल करणारे आणि काही ठिकाणी गिऱ्हाईक विमान-कंपन्यांचे प्रतिनिधी यांना एकत्र बसविणारी सुमारे २३८ पथके बोइंगने उभी केली होती. पूर्वी आरेखन भिंतीपलीकडे फेकून द्यावयाचे आणि उत्पादकाने ते उचलून घ्यावयाचे असा क्रम असे. आता एकाच प्रमाणरूपाकडे दोघेही एकाच वेळी पाहू लागले.

हीच प्रणाली, म्हणजे हेच काटिया, युरोपात निराळेच फळ देऊन गेली. एअरबस ही १९७० पासून निरनिराळ्या देशांतील कंपन्यांची सहकारी संस्था होती. २००१ साली ती एकसंध कंपनी झाली. ए-३८० हे प्रचंड विमान बांधण्याचा निर्णय त्याच सुमारास, डिसेंबर २००० मध्ये, झाला. पुढील व मागील धडाचे मोठे भाग जर्मनीत हॅम्बर्गला, पंख वेल्समधील ब्रॉटनला, शेपटाचे भाग स्पेनमध्ये आणि अंतिम जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला, अशी कामाची वाटणी होती. एका विमानात ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा होत्या. हॅम्बर्गहून तारा बसवून आलेले भाग तुलूझला जोडू लागताच तारा पोहोचेनात. जर्मनी व स्पेन येथे काटियाची चौथी आवृत्ती वापरात होती, तर फ्रान्स व ब्रिटन येथे पाचवी. ही पाचवी आवृत्ती चौथीची केवळ सुधारून वाढविलेली प्रत नव्हती, तर नव्याने लिहिलेली प्रणाली होती. त्यामुळे एका ठिकाणचे बदल दुसऱ्या ठिकाणच्या प्रतिकृतीत निर्वेधपणे उतरत नव्हते. त्यात भर अशी की वजन वाचविण्यासाठी काही ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या आणि त्यांना वळविण्याचे नियम निराळे होते. शेकडो जर्मन कारागीर तुलूझला जाऊन हाताने तारा बसवू लागले.

जून २००६ मध्ये विलंब जाहीर होताच एअरबसच्या पालक-कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक कोसळली. जुलैमध्ये पालक-कंपनीचे सहप्रमुख व एअरबसचे प्रमुख या दोघांनी राजीनामे दिले. नवे प्रमुख क्रिस्तियान स्ट्राइफ हेही ऑक्टोबरमध्ये गेले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा, मिळाले आणि पुढील विमानांचा विलंब दोन वर्षांच्या घरात गेला.

‘दोन आवृत्त्या जुळल्या नाहीत’ हे या प्रकरणाचे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे आणि ते खोटे नाही. परंतु ते अर्धवट आहे. ऑक्टोबर २००६ च्या अधिकृत निवेदनात कंपनीने दिलेले कारण अधिक मार्मिक आहे. तारांच्या मांडणीसाठी त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती उशिरा अमलात आणली गेली आणि तिच्यावर काम करणारी माणसे अद्याप शिकतच होती, असा त्याचा आशय होता. येथे इतिहासकाराने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. आवृत्त्या निराळ्या आहेत हे कोणासच ठाऊक नव्हते असे नव्हे. मग ते तसे का राहू दिले? कंपनी कायद्याने एक झाली होती. परंतु प्रत्येक देशातील कार्यालयाने आपली लेखनपद्धती, आपली साधने आणि आपला अधिकार राखून ठेवला होता. कोणाची आवृत्ती सर्वांची व्हावी हा प्रश्न तांत्रिक नसून मानाचा होता. प्रमाणभाषेच्या वादांचा अभ्यास केलेल्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. प्रत्येक प्रदेश आपल्या बोलीस प्रमाण म्हणवून घेऊ इच्छितो आणि निर्णय लांबणीवर पडला की व्यवहार दुभाष्यांच्या हाती जातो. एअरबसने यातून धडा घेतला असे दिसते. ए-३५० या पुढील विमानासाठी भागीदारांसह सर्वांना एकाच संगणकीय प्रतिकृतीवर काम करावयास लावण्यात आले. ते विमान डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडले.

ए-३८० चा गोंधळ जगजाहीर होत होता त्याच काळात प्रतिमानांसाठी एक सामाईक भाषा आकारास येत होती. संगणक-लेखनाच्या क्षेत्रात बूच, रंबॉ व जेकबसन या तिघांच्या तीन चिन्हपद्धतींचे एकीकरण होऊन यूएमएल ही भाषा निघाली आणि १९९७ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानक-संस्थेने ती स्वीकारली. प्रणाली-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे इन्कोजने, २००१ साली ती आपल्या कामासाठी जुळवून घेण्याचे ठरविले. त्यातून निघालेल्या सिस-एमएल या भाषेची पहिली अधिकृत आवृत्ती सप्टेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात इन्कोजने २०२० सालापर्यंतच्या वाटचालीचे जे चित्र प्रसिद्ध केले, त्यात कल्पनेच्या टप्प्यापासून यंत्राच्या अखेरपर्यंत प्रतिमानांचा विधिवत उपयोग अशी या शाखेची व्याख्या आहे. सिस-एमएलमध्ये नऊ प्रकारचे आलेख आहेत. त्यांपैकी आवश्यकतांचा आणि राशींच्या परस्परसंबंधांचा हे दोन यूएमएलमध्ये नव्हते. आवश्यकतेच्या चौकटीत काय असते? एक क्रमांक आणि एक वाक्य. ज्या नैसर्गिक भाषेस हद्दपार करण्यासाठी प्रतिमान आले, ती भाषा चौकटीच्या आत आपले ‘शॅल’ घेऊन तशीच बसलेली आहे. फरक इतकाच की त्या वाक्यास आता एक ठिकाण आहे, आणि कोणता भाग ते पुरे करतो व कोणती चाचणी ते तपासते हे त्यापासून निघालेल्या रेषांनी दाखविता येते. ऑर्बिटरच्या प्रकरणात नेमकी ही रेषा नव्हती.

जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने २०१० च्या दशकात गुरूच्या युरोपा या उपग्रहाकडे जाणाऱ्या यानाच्या कामात ही पद्धती मोठ्या प्रमाणावर वापरली. यानातील भागांच्या वजनांची यादी, एरवी कोष्टकांत विखुरलेली, प्रतिमानातून काढली जाऊ लागली. परंतु परीक्षण-मंडळांना प्रतिमान वाचता येत नव्हते आणि वाचावयाची इच्छाही नव्हती. त्यांना क्रमांकित पानांचा दस्तऐवज हवा होता. तेव्हा प्रतिमानातूनच दस्तऐवज निपजविणारी साधने प्रयोगशाळेने तयार केली. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे, एक प्रतिष्ठेच्या प्रसंगी व दुसरे नित्य व्यवहारात, कशी नांदतात याचे जे वर्णन केले त्याची येथे आठवण होते. काम प्रतिमानात करावयाचे आणि स्वाक्षरी कागदावर घ्यावयाची अशी ही द्विस्तरीय स्थिती होय. काहींनी तिची तडजोड म्हणून हेटाळणी केली आहे. ती अनाठायी आहे. ज्याच्या संमतीवाचून यान उडत नाही त्याला त्याच्याच भाषेत वाचावयास देणे हा स्वीकाराचा एकमेव व्यवहार्य मार्ग होता. शिवाय कागदावरील आकडा आता कोणी हाताने उतरवून घेत नव्हता. तो प्रतिमानातून येत होता, ही मोठीच गोष्ट होती. तरीही लाभ किती झाला हे मोजणे सोपे नव्हते. ही पद्धती खरोखर उपयोगी पडत आहे काय, असा प्रश्नच शीर्षक करून या कार्यक्रमातील अभियंत्यांनी २०१८ साली निबंध वाचला. स्वतःच्या कामाविषयी असा प्रश्न उघडपणे विचारणाऱ्या संस्था थोड्याच आहेत. युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले असून ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचावयाचे आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध लहान परंतु खरा आहे. पुणे येथे १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये प्रतिमानावरून संगणकाज्ञा निपजविण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आणि त्यातून मास्टरक्राफ्ट हे साधन निघाले. तेथील काम यानांचे नसून मुख्यतः व्यापारी व्यवहारांच्या गणनप्रणालींचे होते. एका प्रतिमानाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सिद्धतेत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा सहभाग होता.

अमेरिकी संरक्षण खात्याने जून २०१८ मध्ये अंकीय अभियांत्रिकीचे धोरण जाहीर केले. त्याच्या पाच उद्दिष्टांपैकी एक असे की सत्याचा एकच अधिकृत उगम असावा; शेवटचे असे की संस्थेची संस्कृती व मनुष्यबळ बदलावे. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. शेवटच्यासाठी कोण शिकविणार, किती दिवस शिकविणार आणि शिकेपर्यंत चालू काम कोण करणार, हे प्रश्न प्रत्येक संस्थेस स्वतंत्रपणे सोडवावे लागले. अनेक ठिकाणी प्रतिमाने करणाऱ्यांचा एक वेगळा कक्ष निघाला. इतर अभियंते आपले काम पूर्वीप्रमाणेच कोष्टकांत व टिपणांत करीत आणि कक्षातील मंडळी ते मागाहून प्रतिमानात उतरवून घेत. अशा ठिकाणी प्रतिमान प्रमाण न होता आणखी एक प्रत तेवढी झाली. लेखनकला मूठभरांच्या हाती असलेल्या समाजात लेखनिकांचा जो वर्ग निर्माण होतो, त्याचेच हे रूप होय. त्या वर्गाची गरज जितकी वाढते तितकी सर्वांनी वाचावयास शिकण्याची निकड कमी होते.

सिस-एमएलची दुसरी आवृत्ती २०२५ साली मानक म्हणून स्वीकारण्यात आली. ती यूएमएलवर आधारलेली नाही. तिचा पाया नव्याने घातलेला आहे. तिच्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की तीत आलेखांच्या जोडीला अक्षरांनी लिहावयाची पद्धतीही दिलेली आहे. चौकटी व बाण यांनी जे दाखवावयाचे तेच ओळीमागून ओळ लिहूनही सांगता येते आणि दोहोंचा अर्थ एकच धरला जातो. वाक्यांकडून आलेखांकडे गेलेली ही भाषा पुन्हा ओळींकडे वळली आहे. मात्र या ओळींत ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांचा संभ्रम राहू नये असे व्याकरण तिला दिले आहे. दरम्यान पहिल्या आवृत्तीत केलेली प्रतिमाने पुष्कळ संस्थांच्या संग्रही आहेत. ज्या यंत्रांची ती आहेत ती कित्येक दशके वापरात राहणारी आहेत. जुन्या प्रतिमानांचे नव्या भाषेत रूपांतर करण्याचे नियम मानकासोबतच देण्यात आले आहेत. ते नियम लावण्याचे, आणि रूपांतरानंतर मूळ अर्थ राहिला की नाही हे ताडून पाहण्याचे, काम आता सुरू झाले आहे.